नळदुर्गचा कादंबरीकार साहेब

मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून ठाण्याकडून येणारा रस्ता शीळफाट्यावर कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्याला मिळतो आणि तेथून कळंबोली, पनवेलमार्गे बोरघाट चढून पुण्याकडे निघतो. समुद्रकाठच्या मुंबई-ठाण्याला दख्खनच्या पठाराशी जोडणाऱ्या वाटांपैकी ही एक. पुण्यानंतर ती सोलापूर ओलांडते आणि हैदराबादच्या दिशेने आणखी सुमारे पन्नास किलोमीटर गेल्यावर बोरी नदीकाठच्या नळदुर्गच्या किल्ल्याशी पोहोचते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात नदीवर बांधलेला बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल पाहण्यासाठी पर्यटक तेथे थांबतात. या किल्ल्यात एके काळी एक इंग्रज कादंबरीकार राहत होता आणि आसपासच्या साऱ्या मुलखाचा कारभार पाहत होता, ही गोष्ट मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. ब्रिटिश साम्राज्य आणि त्या काळचा इंग्रज समाज ज्यांच्या पार्श्वभूमीला आहे, अशा अभिजात कादंबऱ्यांचा विषय निघाला की किपलिंगची ‘किम’ आणि फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही नावे हमखास घेतली जातात. ‘किम’ १९०१ची, ‘पॅसेज’ १९२४ची. टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ त्याआधी, १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली होती. ‘ठग’ हा आपल्याकडचा शब्द इंग्रजी भाषेत घरोघरी पोहोचला, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा होता. मराठी वाचकाच्या दृष्टीने टेलरचे महत्त्व आणखी वेगळे आहे. त्याच्या कथांची भूमी सिमला किंवा लाहोर नव्हे. तुळजापूर, विजापूर, प्रतापगड आणि अहमदनगर ही ती भूमी आहे. एखादा परका राज्यकर्ता परक्या प्रजेच्या किती जवळ जाऊ शकतो आणि कोठे जाऊन थबकतो, याचा त्याच्या आयुष्याइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी; आई नॉर्थम्बरलंडमधील मिटफर्ड या जुन्या घराण्यातली. वडिलांच्या व्यवसायाला उतरती कळा लागल्यावर मुलाचे शिक्षण अर्धवट राहिले आणि त्याला लहान वयातच नोकरी धरावी लागली. त्या काळी इंग्लंडमधील मध्यमवर्गीय कुटुंबांना अशा मुलांसाठी एक वाट नेहमी खुली दिसे, ती म्हणजे हिंदुस्थान. मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून फिलिपला पाठवायचे ठरले. पुढे भागीदारी मिळेल, अशीही आशा दाखविण्यात आली होती. १८२४ मध्ये हा पंधरा वर्षांचा मुलगा मुंबई बंदरात उतरला, तेव्हा ज्या पेढीच्या भरवशावर तो आला होता ती स्वतःच डबघाईला आल्याचे त्याच्या ध्यानात आले.

आईच्या नात्यातले न्यूनहॅम नावाचे गृहस्थ त्या वेळी मुंबई सरकारात वरच्या हुद्द्यावर होते. त्यांच्या खटपटीने टेलरला एक नोकरी मिळाली. पण ती ईस्ट इंडिया कंपनीची नव्हे, तर हैदराबादच्या निजामाच्या सैन्यातली. दोन्ही नोकऱ्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांचीच चलती असली, तरी त्यांतला फरक लहान नव्हता. कंपनीच्या कायम चाकरीतल्या माणसाला पगार, बढती, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा यांची हमी असे. निजामाच्या पदरी असलेल्या इंग्रजाला यातले काहीच निश्चित नसे. इंग्रजांच्या समाजात त्याची पायरी एकाने खाली मानली जाई. ही खालची पायरी टेलरच्या वाट्याला जवळजवळ आयुष्यभर आली. पण तिच्यामुळेच तो छावणीतल्या गोऱ्या वसाहतीत अडकून न पडता खेड्यापाड्यांत गेला, आणि तेथे त्याला त्याचे लेखन सापडले.

सोळाव्या वर्षी तो औरंगाबादेस आपल्या पलटणीत रुजू झाला. मुनशी ठेवून हिंदुस्थानी शिकला. मग फारसी आणि कामकाजापुरती मराठीही त्याने आत्मसात केली. भाषा येत असल्याने लष्करी कवायतीतून त्याची लवकरच मुलकी कामावर नेमणूक झाली. विशी गाठण्यापूर्वीच निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्येकडील एका मोठ्या टापूत पोलीस व्यवस्थेची जबाबदारी त्याच्याकडे आली. तुळजापूरचा परिसर याच टापूत होता. घोड्यावरून गावोगाव हिंडणे, पाटील-कुलकर्ण्यांशी बोलणे, जमिनीचे तंटे ऐकणे, दरोडेखोरांचा माग काढणे, असा त्याचा दिनक्रम होता. भवानीच्या यात्रेला येणारे भाविक, गोंधळी, मुरळ्या, पुजारी, सावकार हे सारे त्याने या काळात पाहिले. पस्तीस-एक वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीत यांपैकी पुष्कळ माणसे पुन्हा अवतरली.

याच फिरतीत त्याच्या हाती एक सुगावा लागला आणि निसटला. त्याच्या हद्दीतल्या रस्त्यांच्या कडेला अनोळखी माणसांची प्रेते सापडत. गळा आवळल्याच्या खुणा दिसत. पण मृत कोण आणि मारेकरी कोण, याचा पत्ता लागत नसे. गावकरी काही बोलत नसत. यामागे एखादी संघटित टोळी असावी, असा टेलरला संशय आला आणि त्याने तपासाची तयारी चालवली. इतक्यात हैदराबादचे राजकारण आड आले. १८२९ मध्ये नवा निजाम नासिरुद्दौला गादीवर आला आणि मुलकी कारभारात नेमलेले इंग्रज अधिकारी काढून घेण्याची मागणी त्याने केली. टेलरला पलटणीत परतावे लागले. ठगांच्या टोळ्या उघडकीस आणण्याचे श्रेय पुढे मध्य हिंदुस्थानातल्या विल्यम स्लीमनला मिळाले. ती संधी हुकल्याची चुटपूट टेलरच्या मनातून कधीच गेली नाही. त्याच्या आत्मचरित्रात ती स्पष्ट उमटली आहे.

स्लीमनची मोहीम पसरत निजामाच्या राज्यापर्यंत आली, तेव्हा माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब टेलरला ऐकायला मिळाले. ज्या वाटांवर आपण पहारा ठेवीत होतो त्याच वाटांवरून हे लोक व्यापारी, शिपाई किंवा यात्रेकरू म्हणून राजरोस हिंडत होते, हे त्याला कळून चुकले. ज्या गोष्टीचा तपास अधिकारी म्हणून करता आला नाही, तिची त्याने कादंबरी केली. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा निवेदक अमीर अली हा सातशेहून अधिक खुनांत भाग घेतलेला ठग. तो तुरुंगात एका साहेबापुढे आपली कहाणी सांगतो. लहानपणी ज्या ठगाने त्याच्या आईबापांना मारले, त्याच ठगाने त्याला मुलगा म्हणून वाढवलेले असते. पुढे अजाणता त्याच्या हातून सख्ख्या बहिणीचाही बळी जातो. सारी कथा अमीर अलीच्याच तोंडून येते. साहेब मधूनमधून एखादा शब्द बोलतो, बाकी वेळ ऐकतो. इंग्रजी कादंबरीत एका हिंदी माणसाला इतका वेळ, इतक्या मोकळेपणी आणि इतक्या बुद्धीने बोलू दिल्याचे उदाहरण त्याआधी विरळाच.

टेलर रजेवर मायदेशी गेलेला असताना ही कादंबरी तीन खंडांत बाहेर पडली आणि लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. नुकतीच गादीवर आलेली तरुण राणी व्हिक्टोरियाही तिच्या वाचकांत होती. एका रात्रीत नव्हे, तरी एका हंगामात निजामाच्या पदरचा एक अनोळखी कॅप्टन लंडनच्या दिवाणखान्यांतला मानाचा पाहुणा झाला. पाठोपाठ १८४० मध्ये त्याची ‘टिपू सुलतान’ ही कादंबरी आली. त्याच वर्षापासून ‘द टाइम्स’ या विख्यात दैनिकासाठी हिंदुस्थानातून वार्तापत्रे पाठविण्याचे कामही त्याने पत्करले आणि ते १८५३ पर्यंत केले.

त्या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ठग हा वंशपरंपरेने चालत आलेला, देवीच्या नावाने खून करणारा देशव्यापी पंथ होता, ही समजूत स्लीमनच्या अहवालांनी सरकारात आणि टेलरच्या कादंबरीने जनमानसात पक्की केली. रस्त्यांवर वाटसरूंना गळफास लावून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, यात शंका नाही. परंतु त्यांच्या धर्मपंथ असण्याबद्दल आणि त्यांच्या व्याप्तीबद्दल अलीकडच्या इतिहासकारांनी गंभीर प्रश्न उपस्थित केले आहेत. १८३६च्या ठगीविरोधी कायद्याने विशिष्ट खून सिद्ध न होता, केवळ ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. गुन्हा कृत्यात नसून गोतावळ्यात असतो, हा विचार पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्ण रूपाला आला. त्या कायद्याखाली महाराष्ट्रातल्या कित्येक जमातींना तारेच्या कुंपणात दिवस काढावे लागले. सोलापूरची सेटलमेंट हे त्याचे ठळक उदाहरण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या; कपाळावरचा शिक्का मात्र त्या दिवशी पुसला गेला नाही. हे सारे एका कादंबरीने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण उत्तम लिहिलेली कादंबरी सरकारी समजुतीला माणसाचा चेहरा देते आणि मग ती समजूत मोडणे अधिक कठीण होऊन बसते, हेही तितकेच खरे.

टेलरच्या खासगी आयुष्यातही दोन समाजांच्या सीमारेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. १८३२ मध्ये त्याने हैदराबादच्या विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. पामर यांची सावकारी पेढी एके काळी निजामाच्या दरबारात बलाढ्य होती आणि नंतर मोठ्या वादंगात बुडाली. पामर यांचे वडील जनरल विल्यम पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पुण्याला पेशवे दरबारात कंपनीचे वकील होते. १८०० साली नाना फडणवीस गेले, तेव्हा मराठी राज्यातले शहाणपण आणि नेमस्तपणा त्यांच्याबरोबर लोपल्याचे कलकत्त्याला कळवणारे ते हेच. जनरलसाहेबांची पत्नी फैज बक्ष बेगम मुसलमान घराण्यातली होती. टेलरची पत्नी त्यांची नात.

अठराव्या शतकात अशा घरोब्यांचे कोणाला फारसे नवल वाटत नसे. मात्र १७९० नंतर मिश्र वंशाच्या मुलांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांची दारे बंद झाली आणि जसजसे राज्य पक्के होत गेले तसतसा इंग्रजांचा समाज आपल्याभोवती भिंती चढवू लागला. टेलरचा विवाह झाला तो या भिंती उंच होत असतानाच्या काळात. मेरीचे लवकरच, तो सुरापूरच्या कामावर असताना निधन झाले. त्याने दुसरा विवाह केला नाही. त्याच्या कादंबऱ्यांत धर्म आणि वंश ओलांडणारे विवाह पुन्हा पुन्हा का येतात, याचे एक उत्तर त्याच्या घरातच मिळते.

सुरापूर हे आज कर्नाटकातल्या यादगिरी जिल्ह्यात आहे. तेथे बेडर नायकांचे एक लहान पण मानी संस्थान होते. औरंगजेबालाही अखेरच्या दिवसांत या बेडरांनी दमवले होते. १८४०च्या दशकाच्या आरंभी राजा कृष्णप्पा नायक वारला. वारस व्यंकटप्पा लहान. राणी ईश्वरम्मा आणि भाऊबंद यांच्यात तेढ, खजिना रिता, निजामाची खंडणी थकलेली, अशी परिस्थिती होती. अशा वेळी अज्ञान राजाच्या वतीने कारभार पाहण्यासाठी टेलरची नेमणूक झाली. १८५३ पर्यंत तो तेथे होता. एकटा गोरा अधिकारी, हाताशी फौज जवळजवळ नाही. सारी भिस्त समजुतीवर. त्याने कर्ज फेडले, शेतसारा निश्चित केला, तलाव बांधले, रस्ते काढले. टेकडीवर त्याने बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ या नावाने आजही ओळखला जातो. आसपासच्या माळांवर असलेली प्राचीन शिळावर्तुळे आणि दगडी थडगी त्याने उकरली, मोजली, त्यांची चित्रे काढली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिले. महापाषाणयुगीन दफनांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्याची गणना होते. मेडोज या नावाचा उच्चार लोकांनी आपल्या परीने केला आणि त्याला महादेवबाबा म्हणू लागले, असे सांगितले जाते.

लहानगा राजा त्याच्या देखरेखीखाली वाढला. व्यंकटप्पा त्याला ‘अप्पा’ म्हणे. टेलरने आत्मचरित्रात एक विलक्षण हकिकत नोंदविली आहे. राजाच्या जन्मपत्रिकेवरून ज्योतिषाने तो चोविसाव्या वर्षाच्या पुढे जगणार नाही, असे भाकीत केले होते. ही गोष्ट टेलरला विश्वासाने सांगण्यात आली आणि त्याने ती मनातच ठेवली. १८५३ मध्ये राजा वयात आला. टेलरने भरलेला खजिना आणि सुरळीत कारभार त्याच्या हवाली केला आणि सुरापूर सोडले.

त्याच वर्षी लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली निजामाला हैदराबाद तैनाती फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली करावा लागला. नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गावांतून तो कोवळा पोलीस अधिकारी म्हणून हिंडला होता, त्याच गावांचा आता तो मुलकी प्रमुख झाला. किल्ल्यातल्या जुन्या इमारतीत त्याने बिऱ्हाड थाटले. जमिनीची पाहणी आणि मोजणी सुरू केली; गावोगावच्या इनामांचे आणि वतनांचे दावे तपासले. पाझर तलावांच्या जागा हेरल्या, रस्त्यांच्या कडेला झाडे लावली. अवर्षणप्रवण मुलखात पाणी हाच खरा प्रश्न आहे, हे त्याने ओळखले होते. आदिलशाही बंधारा त्याच्या नजरेसमोर उभा होता; अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी नदी कशी अडवली, हे तो कौतुकाने न्याहाळत असे.

१८५७चा उठाव झाला, तेव्हा टेलरला तातडीने वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. देण्यासाठी फौज नाही, कसेही करून मुलूख शांत ठेवा, असा हैदराबादच्या रेसिडेंटचा निरोप होता. उत्तरेत आग भडकलेली होती आणि वऱ्हाड पेटले तर दख्खनचे दार उघडे पडणार होते. टेलरने लष्कराशिवाय तो जिल्हा राखला. सारा नेहमीप्रमाणे वसूल झाला. त्याच्या चरित्रकारांनी याचे श्रेय लोकांचा त्याच्यावर असलेल्या विश्वासाला दिले आहे, आणि ते बऱ्याच अंशी योग्य आहे.

पण त्याच वेळी सुरापुरात, जेथे त्याच्यावर सर्वाधिक विश्वास असावयाचा, तेथे वेगळेच घडत होते. तरुण व्यंकटप्पाभोवती अरब आणि रोहिले शिपाई जमले. बंडवाल्यांचे निरोप येऊ लागले. फेब्रुवारी १८५८ मध्ये राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उपसले. एक-दोन दिवसांच्या चकमकीत त्याचा टिकाव लागला नाही. तो निसटून हैदराबादला गेला आणि तेथे पकडला गेला. रेसिडेंटच्या इच्छेवरून टेलर त्याला तुरुंगात जाऊन भेटला. ती भेट त्याच्या आत्मचरित्रातले सर्वांत हृदयद्रावक प्रकरण आहे. राजा त्याच्या गळ्यात पडून रडला. परंतु आपल्या साथीदारांची नावे सांगून सुटका करून घेण्यास त्याने नकार दिला. तोफेच्या तोंडी दिले तरी चालेल, काळ्या पाण्यावर पाठवू नका, कारण बेडरांतला हलक्यातला हलका माणूसही बंदिवासात जगणे पत्करणार नाही, अशा आशयाचे त्याचे मागणे होते.

फाशीची शिक्षा प्रथम काळ्या पाण्यावर आली आणि नंतर गव्हर्नर जनरलने ती चार वर्षांच्या सौम्य कैदेवर आणली. पुढे वागणूक चांगली राहिल्यास राज्यही परत मिळण्याची शक्यता होती. पण मद्रासकडे नेत असताना पहिल्याच मुक्कामावर, बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. त्याने ती स्वतः झाडली की ती चुकून सुटली, हे कधी निश्चित झाले नाही. ज्योतिषाने सांगितलेले वर्ष हेच होते. संस्थान खालसा झाले, आणि त्याचा ताबा घेण्यासाठी पाठविलेला अधिकारी होता मेडोज टेलर. ज्या मुलाला त्याने वाढवले, त्याच्या रिकाम्या गादीची व्यवस्था लावण्याचे काम त्याच्या नशिबी आले. टेलरने या घटनेवर शोक केला. राजा वाईट संगतीने बिघडला, असे त्याला शेवटपर्यंत वाटत राहिले. चोवीस वर्षांच्या एका बेडर राजाला स्वतःचे राज्य स्वतंत्र हवे असू शकते, कितीही प्रेमळ असला तरी वरून लादलेला पालक त्याला नको असू शकतो, ही शक्यता त्याने फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. अमीर अलीला शेकडो पाने मन मोकळे करू देणाऱ्या या लेखकाला व्यंकटप्पाचे मन मात्र पुरते वाचता आले नाही.

प्रकृती ढासळल्याने टेलर १८६० मध्ये मायदेशी परतला. त्याच वर्षी झालेल्या तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, सुरापूरही त्याच्या राज्याला जोडले गेले. १८५७च्या संकटात निजाम एकनिष्ठ राहिला, त्याचे ते बक्षीस होते. टेलरने ज्या ज्या मुलखांसाठी आपली उमेद खर्ची घातली, ते असे एका कलमासरशी हातातून गेले. सरकारी मान्यता त्याला उशिरा मिळाली. १८६९ मध्ये त्याला ‘सी. एस. आय.’ हा किताब देण्यात आला.

या निवृत्तीच्या वर्षांत त्याने आपले जुने स्वप्न पुरे केले. भारतीय इतिहासात शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने आलेले तीन टप्पे त्याने निवडले आणि प्रत्येकावर एकेक कादंबरी लिहिली. १६५७च्या सुमारास शिवाजी महाराजांचा उदय, १७५७ची प्लासीची लढाई आणि १८५७चा उठाव. ‘तारा’ १८६३ मध्ये, ‘राल्फ डार्नेल’ १८६५ मध्ये आणि ‘सीता’ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठ्यांचा उदय, इंग्रजांचा उदय आणि इंग्रजांच्या राज्याला बसलेला हादरा, अशी ही साखळी आहे. तिची सुरुवात मराठ्यांपासून करावीशी वाटणे, हेच त्याच्या दख्खनच्या वास्तव्याचे फळ होते.

‘तारा’ची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या. तिला देवीच्या चरणी वाहिले जाते. एका लंपट कारस्थानी ब्राह्मणाचा तिच्यावर डोळा असतो. अफझलखानाच्या स्वारीच्या धामधुमीत खानाचा मुलगा फाजल तिला वाचवतो आणि अखेर त्यांचा विवाह होतो. कथेचा कळस प्रतापगडाच्या भेटीत आहे. मराठी वाचकाला येथे टेलरशी भांडावेसे वाटेल आणि ते योग्यच होईल. ग्रँट डफच्या बखरीची छाया त्याच्यावर दाट आहे. खानाचा वध हा दगा होता, असे मानून त्याने तो प्रसंग रंगवला आहे आणि त्याची सहानुभूती खानाच्या कुटुंबाकडे झुकली आहे. खान काय हेतूने वाईवर उतरला होता, याची मराठी साधने त्याने गंभीरपणे घेतलेली नाहीत. मात्र देवळाचे आवार, घरातले सोवळे-ओवळे, विधवेच्या वाट्याला येणारे टोमणे, आईबापांची घुसमट हे सारे पाहिलेल्या माणसाने लिहिलेले आहे.

या कादंबरीचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. विधवांच्या दुःखावर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली होती. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ची. म्हणजे शिवकालावरची मराठी कादंबरी अवतरण्यापूर्वी आठ वर्षे एका इंग्रजाने शिवकाल आणि विधवेचा प्रश्न एकाच कथेत गुंफला होता. कोणी कोणाचे वाचून लिहिले, असा दावा येथे नाही. एकच प्रश्न एकाच काळात दोन भाषांत, दोन वेगळ्या नजरांतून लिहिला जात होता, हे विशेष. ‘सीता’ त्याहून धीट. उठावाच्या काळात एक इंग्रज मुलकी अधिकारी एका हिंदू विधवेशी विवाह करतो आणि त्याचीच माणसे त्याला दूर लोटतात. कानपूरच्या कत्तलीच्या आठवणी ताज्या असताना इंग्रज वाचकापुढे अशी नायिका ठेवणे सोपे नव्हते. तरीही शेवटी सीतेला पतीसाठी प्राण द्यावे लागतात आणि अधिकाऱ्याला आपल्या समाजात परतण्याची वाट मोकळी होते. टेलरची लेखणी भिंतीपर्यंत जाते, दार ठोठावते, पण ते पुरते उघडत नाही.

अखेरच्या काळात त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. अहमदनगरच्या चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी आणि आत्मचरित्र ही कामे त्याने अशा अवस्थेत पुरी केली. हिंदुस्थान एकदा पुन्हा पाहावा, या ओढीने तो १८७५ मध्ये हैदराबादला आला. सर सालारजंग यांनी त्याचे अगत्याने स्वागत केले. परतीच्या प्रवासात, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मांतों या गावी त्याचे निधन झाले. कन्या ॲलिस हिने संपादित केलेले आत्मचरित्र १८७७ मध्ये आणि चांदबिबीची कादंबरी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

टेलरला थोर मनाचा साहेब म्हणून डोक्यावर घेणे सोपे आहे आणि साम्राज्याचा हस्तक म्हणून निकालात काढणे त्याहून सोपे. तो दोन्ही होता. त्याने बांधलेल्या तलावांत पाणी साठले, हे खरे. आणि ज्या राज्याच्या वतीने ते बांधले त्या राज्याने व्यंकटप्पाचे संस्थान गिळले, हेही खरे. म्हणूनच त्याच्या कादंबऱ्या वाचताना दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात. आपल्याच तुळजापुरातल्या, नळदुर्गातल्या माणसांची बोलीचाली, भीती आणि आशा इतक्या जवळून टिपणारा तिसरा डोळा त्या काळी आपल्याकडे नव्हता. आणि तो डोळा सत्तेच्या घोड्यावरून पाहत होता. ‘ठगाची कबुली’ आजही छापली जाते, वाचली जाते. ‘तारा’ मात्र ग्रंथालयांच्या मागच्या कपाटांत धूळ खात पडून आहे. तुळजापूरची शिवकालीन कथा म्हणून नव्हे, तर राज्य करणाऱ्याला आपण कसे दिसत होतो, याचा लेख म्हणून ती खाली काढून वाचण्यासारखी आहे.